हृदय तोलायच्या आधीच निकाल लागलेला असतो

प्रश्न असा आला आहे: इजिप्तमध्ये माणूस मेला की त्याचं हृदय तराजूत पिसाबरोबर तोलायचे, म्हणजे हे आपल्या यम-चित्रगुप्तासारखंच झालं ना? मग चांगलं वागणारेच तरत असत का? आणि त्यांचा पुनर्जन्मावर विश्वास होता का?

गेली वीस-बावीस वर्षं मी मराठी मंडळींना घेऊन इजिप्तला जातो. नाईलवरच्या बोटीत रात्रीची जेवणं आटोपली की हेच तीन प्रश्न येतात, बहुतेक वेळा याच क्रमाने. थोडक्यात सांगायचं तर दृश्य चित्रगुप्ताच्या दरबारासारखं दिसतं, पण आतला कारभार वेगळा आहे. चांगलं वागावं लागतं, पण तेवढ्यावर भागत नाही. आणि पुनर्जन्म नाही. आता सविस्तर.

आधी ते चित्र नीट बघू. तुम्ही पाहिलेलं चित्र बहुतेक हुनेफर किंवा अनी या दोन लेखनिकांपैकी एकाच्या थडग्यात ठेवलेल्या पपायरसवरचं, म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेल्या कागदाच्या गुंडाळीवरचं असणार. दोन्ही ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि दोन्ही इ.स.पू. तेराव्या शतकातले आहेत. मधे तराजू. एका पारड्यात हृदय, ते छोट्या बरणीसारखं काढलेलं असतं. दुसऱ्या पारड्यात पीस. हे पीस म्हणजे मआत. सत्य, न्याय, जगाची घडी या सगळ्यांना मिळून त्यांच्याकडे हा एकच शब्द आहे. आपल्याकडे जवळचा शब्द शोधायचा तर वेदांतलं ‘ऋत’ आठवतं. तराजूच्या ओळंब्यापाशी कोल्ह्याच्या तोंडाचा देव अनुबिस. बाजूला शराटी पक्ष्याच्या डोक्याचा थॉथ हातात लेखणी घेऊन निकाल टिपतोय. त्याच्या आसपास अम्मित: तोंड मगरीचं, पुढचं धड सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. हृदय जड निघालं तर ती ते खाणार आणि माणूस कायमचा संपणार. या चित्रात नरक नाही, यातना नाहीत, नुसतं नसणं. त्यांना खरी भीती होती ती याची.

आता गंमत बघा. हृदय जड निघालं आणि अम्मितने ते गिळलं, असं चित्र कुठल्याही पपायरसवर मला आजवर दिसलेलं नाही. बिचारी तीन हजार वर्षं उपाशीच बसली आहे. याचं कारण चित्राच्या भोवती लिहिलेल्या ओळींत आहे.

अनीच्या पपायरसवर अनीचं नाव नुसतं ‘अनी’ असं फारसं येत नाही. ‘ओसिरिस अनी, माआ-खेरू’ असं येतं. ओसिरिस हा मृतांचा राजा असलेला देव, त्याच्याकडे पुढे येऊच. माआ-खेरू म्हणजे ‘ज्याची वाणी खरी ठरली तो’. आपण गेलेल्या माणसाच्या नावाआधी ‘कै.’ लावतो ना, तसं ते नावानंतर माआ-खेरू लावत. कै. लिहिताना तो कैलासाला पोचला की नाही याची आपण खात्री करून घेत नाही, पोचला असं धरूनच लिहितो. इथेही तेच. तराजूपर्यंत पोचायच्या कितीतरी आधी, पहिल्या ओळीपासून अनी माआ-खेरू आहे. खटल्याची तारीख लागण्याआधीच निकालपत्र हातात.

खटला हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण माआ-खेरू हा मुळात कोर्टातलाच शब्द. दावा जिंकला तो माआ-खेरू. आणि पहिला दावा देवांचा. सेतने भाऊ ओसिरिसला मारलं, त्याची बायको इसिस हिने त्याचं शरीर गोळा करून मंत्रांनी जागं केलं, त्याच्यापासून तिला होरस झाला, आणि मोठा झाल्यावर होरसने बापाच्या गादीवर हक्क सांगितला. ही गोष्ट सलग, सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्याला प्लुटार्क या ग्रीक लेखकाकडून मिळते, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास. खुद्द इजिप्तच्या लिखाणात ती तुकड्यातुकड्यांत आहे, कारण ती त्यांच्या घरोघरी माहीत होती. पण खटल्याचा भाग मात्र पाचव्या रामसेस राजाच्या काळातल्या एका पपायरसवर भरघोस आहे. देवांचं न्यायालय ८० वर्षं निकाल देत नाही. मुख्य न्यायाधीश म्हणजे सूर्यदेव, तो सरळ सेतच्या बाजूचा. मग साक्षी, शर्यती, फसवाफसवी, एकमेकांच्या अंगावर धावून जाणं; बांधावरून चाललेल्या भाऊबंदकीच्या दाव्याची आठवण यावी असा सगळा मामला. शेवटी ते पाताळात ओसिरिसला पत्र पाठवतात. त्याचं उत्तर येतं ते साधारण असं: माझ्या इथे उग्र चेहऱ्यांचे दूत भरपूर आहेत, ते कुठल्याही देवाला भीत नाहीत, पाठवू का? त्यानंतर निकाल पटकन लागतो, होरसच्या बाजूने.

म्हणून मेलेला प्रत्येकजण ‘ओसिरिस अमुक’ होतो. बाई असली तरी ओसिरिसच. ओसिरिसचा जिंकलेला दावा तो आपल्या नावावर लावून घेतो.

आता हृदयाकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. त्यांच्या लेखी विचार, आठवण, हेतू, सगळं हृदयात. मेंदूला काहीच किंमत नव्हती; नव्या साम्राज्याच्या काळापासून, म्हणजे इ.स.पू. सोळाव्या शतकापासून, ममी करताना तो सर्रास नाकातून आकड्याने काढून टाकत. हृदय मात्र छातीतच ठेवत. (आपण ‘काळीज’ म्हणतो ते मुळात यकृत, आणि धैर्यापासून मायेपर्यंत सगळं आपण त्याच्यावर टाकलंय. तेव्हा त्यांना हसायचं काम नाही.) सगळं आठवणारा हा अवयव उद्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला तर? म्हणून ‘मृतांचं पुस्तक’ या मंत्रसंग्रहातला मंत्र क्रमांक ३० ब. तो मृताच्या तोंडी आहे आणि त्याची सुरुवात मला अजूनही हलवते: हे माझ्या आईकडून मिळालेल्या हृदया, हे माझ्या आईकडून मिळालेल्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला उभं राहू नकोस, न्यायालयात माझ्या विरोधात जाऊ नकोस, तराजू धरणाऱ्यासमोर माझ्यावर उलटू नकोस.

हा मंत्र हिरवट दगडाच्या शेणकिड्याच्या पोटावर कोरत आणि तो किडा ममीच्या छातीवर ठेवत. कैरोच्या म्युझियममध्ये काचेच्या आड असे शेणकिडे मांडलेले आहेत. लोक वरची बाजू बघून पुढे सरकतात, पाठ चकचकीत असते म्हणून. मी माझ्या मंडळींना थांबवतो आणि उलटा ठेवलेला एखादा दाखवतो, खालच्या बाजूला बारीक अक्षरांच्या दाटीवाटीने बसवलेल्या ओळी असलेला. एकदा साताऱ्याकडच्या एक निवृत्त शिक्षिका बराच वेळ त्यापाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘म्हणजे हा साक्षीदार फोडायचा प्रकार झाला.’ इतक्या नेमक्या शब्दांत मी स्वतः कधी सांगितलं नव्हतं.

पण नुसता साक्षीदार गप्प करून चालत नाही, तोंडी परीक्षाही आहे. ती १२५ व्या मंत्रात. हे क्रमांक इजिप्तच्या लोकांनी दिलेले नाहीत. लेप्सियस या जर्मन अभ्यासकाने १८४२ मध्ये तूरिनचा एक पपायरस छापला तेव्हा ते घातले, आणि ‘मृतांचं पुस्तक’ हे नावही त्यानेच रूढ केलं. मूळ नावाचा अर्थ ‘दिवसाउजेडी बाहेर पडण्याचे मंत्र’ असा काहीसा. एकूण दोनशेच्या आसपास मंत्र, त्यातले ज्याला जेवढे परवडले तेवढे त्याच्या गुंडाळीत. तर १२५ व्या मंत्रात ४२ देव बसलेले असतात, आणि प्रत्येकाला नावागावानिशी हाक मारून एकेक गोष्ट नाकारायची असते. हेलिओपोलिसहून आलेल्या लांब ढांगा टाकणाऱ्या देवा, मी अन्याय केला नाही. हेराक्लिओपोलिसहून आलेल्या हाडं मोडणाऱ्या देवा, मी खोटं बोललो नाही. याच मंत्राच्या सुरुवातीला आणखी एक नकारांची यादी आहे आणि ती मला जास्त आवडते, कारण तिच्यात शेताचा आणि बाजाराचा वास आहे: मी तराजूचं वजन वाढवलं नाही, लेकरांच्या तोंडचं दूध काढून घेतलं नाही, वाहत्या पाण्याला बांध घातला नाही. पुराच्या पाण्यावर जगणाऱ्या देशात शेजाऱ्याचं पाणी अडवणं हे देवापुढे नाकारावं लागणारं पाप होतं.

मग दालनाचं दार. आणि दारच बोलायला लागतं! चौकटीचे खांब म्हणतात, आमचं नाव सांगितल्याशिवाय आत सोडणार नाही. उत्तर द्यायचं: ‘सत्याचा ओळंबा’ हे तुझं नाव. मग अडसर विचारतो, उंबरा विचारतो, जमीनसुद्धा विचारते की माझ्यावर पाय ठेवणार त्या पायांची नावं सांग. प्रत्येकाची उत्तरं पपायरसवर तयार लिहिलेली आहेत. म्हणजे प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका एकाच गुंडाळीत बांधून मृताच्या शेजारी ठेवलेली.

मग हे सगळं ढोंग होतं का? असं वाटायला लागतं खरं, पण मी तसं म्हणणार नाही. याच लोकांनी याच्याही आधी, एका राजाने मुलाला केलेल्या उपदेशात लिहिलंय की मृतांचे न्यायाधीश दयामाया दाखवत नाहीत, माणूस मेल्यावर त्याची कृत्यं त्याच्या शेजारी रास करून ठेवतात, आणि वाईट माणसाने वाहिलेल्या बैलापेक्षा सरळ माणसाची वागणूक देवाला जास्त आवडते. मेरिकारे हे त्या मुलाचं नाव. आणि फार उशिरा, रोमन काळातल्या एका पपायरसवर सेतने नावाच्या राजपुत्राची गोष्ट आहे. तो दोन अंत्ययात्रा बघतो: श्रीमंताची वाजतगाजत, गरिबाची चटईत गुंडाळून. ‘या गरिबापेक्षा तो श्रीमंत किती भाग्यवान’ असं तो म्हणतो, आणि त्याचा अद्भुत लहान मुलगा त्याला पाताळात नेऊन खरी स्थिती दाखवतो. चटईतला गरीब तलम वस्त्रं नेसून ओसिरिसजवळ बसलाय, आणि श्रीमंताच्या उजव्या डोळ्यात दाराचं बिजागर रोवलंय. दार उघडलं-मिटलं की ते डोळ्यात फिरतं. इथे मंत्रबिंत्र काही चालत नाही, कृत्यं मोजली जातात.

तेव्हा दोन्ही विचार एकाच समाजात होते आणि त्यांना त्यात अडचण वाटत नव्हती. वर्षभर जमेल तसं वागायचं आणि संकष्टी चुकवायची नाही, अशी माणसं आपल्या ओळखीची आहेतच.

पैशाचा भाग सोडून चालणार नाही. सुरुवातीला असे मंत्र फक्त राजाला मिळत; साक्कारा इथे उनास राजाच्या पिरॅमिडच्या आतल्या भिंतींवर ते इ.स.पू. २३५० च्या सुमारास पहिल्यांदा दिसतात. नंतर ते अधिकाऱ्यांच्या शवपेट्यांवर आले, आणि मग पपायरसवर. पपायरस आयते मिळत. नावाची जागा मोकळी सोडून गुंडाळी तयार ठेवायची, गिऱ्हाईक आलं की नाव भरायचं. अनीच्या पपायरसवरही काही ठिकाणी नावाचं अक्षर बाकीच्यापेक्षा वेगळ्या हाताचं आहे. लग्नाच्या बस्त्याच्या यादीत शेवटी नावं घालतात तसं. आणि एवढंही न परवडणारे? बहुसंख्य लोक वाळूत खड्डा करून पुरले गेले, सोबत एखादं मडकं आणि मणी. इजिप्तची श्रद्धा म्हणून आपण जे सांगतो ते बरंचसं ज्यांना परवडलं त्यांचं आहे, हे डोक्यात ठेवावं.

ममीचंही तसंच. हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने तीन दरांच्या ममी सांगितल्या आहेत. उत्तम दर्जाचं काम ७० दिवसांचं. त्यातले चाळीसेक दिवस नॅट्रॉनमध्ये सुकवण्यात जात. नॅट्रॉन म्हणजे आपल्या पापडखाराचाच भाऊबंद, तोही सरोवरांकाठी आपोआप साठलेला. काम मंत्रोच्चारात व्हायचं, पण हात माणसांचेच. २०१२ च्या अखेरीस मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियममधली नेसपेरेन्नुबची ममी आली होती, तुमच्यापैकी काहींनी त्रिमिती चष्मे लावून पाहिली असेल. हा कर्नाकच्या देवळातला पुजारी, इ.स.पू. ८०० च्या आसपासचा. पट्ट्या न सोडता स्कॅन केलं तर डोक्यामागे एक ओबडधोबड मातीचा वाडगा चिकटलेला निघाला. कुठल्याही ग्रंथात असा विधी नाही. अभ्यासकांचा तर्क असा की राळ ओतताना खाली धरलेला वाडगा राळेसकट डोक्याला चिकटून बसला, निघेना, मग कारागिरांनी वरून पट्ट्या गुंडाळल्या आणि कुणाला काही कळू दिलं नाही. जवळजवळ २८०० वर्षं कळलंही नाही. देवाच्या पुजाऱ्याच्या डोक्याला वाडगा! मला हा वाडगा तुतांखामेनच्या सोन्याच्या मुखवट्याइतकाच प्रिय आहे.

पुनर्जन्माबद्दल. ‘इजिप्तचे लोक पुनर्जन्म मानत’ हे वाक्य सगळीकडे फिरतं आणि त्याचं मूळ हिरोडोटसच. त्याने लिहिलं की आत्मा जमिनीवरच्या, पाण्यातल्या, हवेतल्या सगळ्या प्राण्यांतून फिरून तीन हजार वर्षांनी पुन्हा माणसात येतो. याला इजिप्तच्या एकाही ग्रंथाचा आधार नाही. त्याचा गोंधळ कशाने झाला असेल याचा अंदाज मात्र करता येतो. मृताला सोन्याचा ससाणा, पाकोळी, कमळ, साप, अगदी मगर व्हायचे मंत्र आहेत. पण ते आपल्या मर्जीने रूप घेण्यासाठी, पुढचा जन्म म्हणून नव्हे. सकाळी पाकोळी होऊन बाहेर पडायचं, संध्याकाळी परत थडग्यात. ‘दिवसाउजेडी बाहेर पडणं’ ते हेच. चक्रातून सुटायची ओढ त्यांच्याकडे नाही, कारण चक्रच नाही. मोक्ष त्यांना कदाचित अम्मितने गिळल्यासारखाच वाटला असता.

मग त्यांना हवं काय होतं? हेच. म्हणजे इथलंच सगळं, पण थोडं बरं. लक्झरच्या पश्चिमेला दैर अल-मदीना या कारागिरांच्या वस्तीत सेन्नेजेमचं थडगं आहे. १८८६ मध्ये सापडलं. राजांची थडगी खोदणारा-सजवणारा हा माणूस. खोली एवढी लहान की आठ-दहा जण आत गेले की अकरावा जिन्यातच थांबतो. भिंतीवर लव्हाळ्यांचं शेत, म्हणजे त्यांचा स्वर्ग. सेन्नेजेम नांगर धरतोय, बायको इयनेफर्ती मागून बी टाकतेय. दोघंही पांढऱ्याशुभ्र, चुण्यांच्या कपड्यांत, चिखलाचा एक डाग नाही. चहूबाजूंनी पाण्याचे पाट. ग्रंथात तिथल्या सातूची मापंही दिलीत: उंची पाच हात, त्यात कणीस दोन हात आणि धाट तीन हात. आमच्या गटातल्या शेतकऱ्याला हे वाचून दाखवलं की त्याचा चेहरा बघावा.

पण स्वर्गातही शेती म्हटल्यावर राबणं आलं, वाळू इकडून तिकडे वाहणं आलं. त्यावरही तोड होतीच. उशाब्ती नावाच्या छोट्या बाहुल्या. कामाची हाक आली की मृताऐवजी बाहुलीने म्हणायचं, ‘हा मी, हजर!’ तुतांखामेनच्या थडग्यात अशा ४१३ निघाल्या: ३६५ मजूर, दिवसाला एक, दर दहा मजुरांवर एक असे ३६ मुकादम, आणि महिन्याचे १२ वरिष्ठ. स्वर्गातही मुकादमावर मुकादम लागतोच.

शेवटी तुमच्या चित्रगुप्ताकडे. साम्य शोधायला मी कुणाला अडवत नाही, मलाही आठवण येतेच. ‘का’ नावाची जीवशक्ती, तिला रोज भाकरी आणि बिअर ठेवायची, की आपल्याला पिंड आठवतो. ‘बा’ म्हणजे माणसाचं डोकं असलेला पक्षी, तो थडग्याजवळ येऊन बसतो, की आपल्याला दहाव्याचा कावळा आठवतो. पण आठवण येणं वेगळं आणि नातं असणं वेगळं. आपला मृत पुढे जावा, अडकू नये यासाठी आपण विधी करतो. त्यांचा मृत कुठे जात नाही. तो इथेच आहे, वेशीबाहेर, आणि तुम्ही त्याच्याशी बोलायचं आहे. थडग्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना उद्देशून लिहिलेलं असतं: हातात काही नसलं तर नुसतं तोंडाने म्हणा, हजार भाकरी, हजार बिअरचे बुधले, बैल, पक्षी, वस्त्रं, तोंडच्या वाफेला खर्च नाही.

आणि बोलायचे ते. नेदरलँड्समधल्या लायडनच्या म्युझियममध्ये एका नवऱ्याचं पत्र आहे, इ.स.पू. तेराव्या शतकाच्या आसपासचं, मेलेल्या बायकोला लिहिलेलं. तिचं नाव आंखिरी. घरात काहीतरी वाईट चाललंय आणि ते तीच करतेय अशी त्याची खात्री झालीय. मी तुझं काय वाईट केलं, असं तो विचारतो. तरुणपणी तुला केलं, हुद्द्यावर चढलो तरी सोडलं नाही. तू आजारी पडलीस तेव्हा वैद्य आणला. राजाबरोबर बाहेरगावी होतो तेव्हा तू गेलीस. परत येऊन सगळ्यांदेखत रडलो, तुला गुंडाळायला चांगलं तलम कापड दिलं. आणि आता तीन वर्षं एकटा राहतोय, दुसरं घर केलं नाही. पश्चिमेच्या, म्हणजे मृतांच्या प्रदेशातल्या, देवांपुढे मी तुझ्यावर दावा लावीन, असंही तो बजावतो.

हे पत्र एका लहान लाकडी स्त्रीमूर्तीला बांधलेलं होतं.